अर्धा रस्ता माझा

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी म्हटलं, लाज वाटायचीच आहे तर पूर्ण वाटू दे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी लंबूच्या अंगणात उभा होतो. लंबू लिफ्ट दुरुस्त करतो. उन्हाळा संपला की परदेशी नोकरीला जाणार, बहुतेक कायमचाच. म्हणून हा प्रवास. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याच्या जुन्या गाडीतून, आम्ही तिघं. तिसरा डॉक्टर. डॉक्टर म्हणजे खरा डॉक्टर नव्हे, जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांना धरून ठेवणारा आमचा मित्र.

रस्ता मी आखला होता. मी प्रेसमध्ये काम करतो, तिथंच नकाशा मोठा छापून घेतला. आणि त्या जोशात बोलून बसलो, "अर्धा रस्ता मी चालवणार."

त्याच दुपारी मी लायसन्सच्या परीक्षेत परत नापास झालो. पुढे जायला मला काही अडचण नाही. मागे घे म्हटलं की मी बरोबर खांब शोधून काढतो. साहेब खाली उतरले, खांबाची विचारपूस करून आले आणि म्हणाले, "बाळा, तू आपला बसनं फिर."

हे सांगायलाच लंबूकडे गेलो होतो.

"आला बघ आपला ड्रायव्हर!" डॉक्टर टपावर सामान बांधता बांधता ओरडला. "मी मागे झोपणार हां. अर्धा तू, अर्धा लंबू. मला थेट समुद्र दिसल्यावर उठवा."

"आणि घाटात ओकायला कोण उठणार?" लंबू म्हणाला. त्याचं अर्धं अंग बॉनेटखाली होतं.

"त्याला उठावं लागत नाही."

मी हसलो. मग म्हटलं, "लंबू, माझं जरा अवघड दिसतंय रे."

"काय अवघड?"

"असंच. काही खरं नाही माझं."

"तुझं कधी खरं होतं?" डॉक्टर वरून म्हणाला.

तोंडाशी आलेलं तिथंच गिळलं. "बरं, येतो," म्हटलं आणि वळलो.

"बरं," बॉनेटखालून आवाज आला.

बस्स, एवढंच. फाटकापर्यंत मी मुद्दाम हळू गेलो. कुणी थांब म्हणालं नाही. काय झालंय तुला, असंही विचारलं नाही. कळलं असणार, मी मनात म्हटलं. चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. कळलं आणि बरंच वाटलं असेल. नाहीतरी नकाशा मिळाला, आता मी कशाला हवा?

खोलीवर आलो आणि फोन बंद करून टाकला. ही खोली मी नुकतीच घेतलीय. जिन्याखालची. सरळ उभं राहिलं की डोकं लागतं, म्हणून दोघांनाही अजून दाखवली नव्हती. लंबू तर आत मावलाच नसता.

उजाडलं तेव्हा जागाच होतो. उजाडायच्या आधी हायवेवरच्या पंपावर भेटून निघायचं ठरलेलं. म्हणजे आता बोगदा लागला असेल. बोगद्यात लंबू हॉर्न वाजवणार, डॉक्टर शिव्या देत उठणार. माझी जागा पुढची होती.

घरमालकीण काकू दारात आल्या. "अरे, तू गेला नाहीस? काल तर सगळ्या जिन्याला सांगत फिरत होतास."

"रजा मिळाली नाही, काकू."

"रविवारची?"

मी दार लोटून घेतलं.

दिवसभर पंख्याखाली पडून होतो. सगळा रस्ता पाठ होता, हीच पंचाईत. आता पवनचक्क्या. आता तो लांब पूल, पुलाच्या अलीकडे कलिंगडवाले बसतात, तिथं थांबायचं मीच ठरवलं होतं. थांबले असतील. खाऊन हात पुसत माझ्यावर विनोद केले असतील. ड्रायव्हर पळाला आपला! एकदा तर मनात आलं, गाडी बंद पडावी यांची, चांगली उन्हात, मधोमध. आणि मग अशी लाज वाटली की कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. ज्या माणसाबरोबरचा हा शेवटचा उन्हाळा, त्याचं वाईट चिंतत होतो मी. तेही कशासाठी, तर एका खांबासाठी.

ऊन उतरलं. आता घाट चढून वर तळ्यापाशी असतील. लंबू कंबरेवर हात ठेवून उभा असेल, बघत. पुढच्या वर्षी तो कुठल्या तरी देशात असेल, तेव्हा मी काय करणार होतो? तेव्हाही खांबाची गोष्ट त्याच्यापासून लपवूनच ठेवणार?

म्हटलं, तळ्याचा फोटो तरी पाठवला असेल. फोन चालू केला.

लगेच वाजला. लंबू.

मी घसा साफ केला. हसून बोलायचं ठरवलं. मजेत विचारायचं, कुठपर्यंत पोचलात, घाटात डॉक्टर ओकला का. पण तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "काय रे, कुठपर्यंत आलास?"

मी ताडकन उठलो आणि डोकं जिन्याला आपटलं.

मागून डॉक्टर ओरडत होता, "त्याला म्हणावं, सावकाश ये! पंपवाल्यानं आता मला कामावर ठेवलंय!"

"तुम्ही... निघाला नाहीत?"

"कसे निघणार? काल तूच म्हणालास ना, येतो. सकाळपासून फोन बंद. डॉक्टर प्रेसवर जाऊन आला, कुलूप. खोली कुठंय ते तू कधी सांगितलं नाहीस. म्हटलं, म्हणालाय तर येईल."

"लंबू," मी म्हणालो, "तिथंच थांबा. पोचल्या पोचल्या तुला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती सांगितल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. शब्द देतो."