गालातला नर

कोळी काचेच्या नळीत चढला, तिथून रबरी नळीत गेला आणि थेट इनेसच्या जिभेवर येऊन बसला.

इनेसनं तोंड मिटलं. पहिला विचार आला तो थुंकायचा. दुसरा जाळीचा. कोळी ओढून धरायच्या या नळीत काच आणि रबर यांच्यामध्ये बारीक कापडाची जाळी असते. श्वास ओढला की कोळी काचेतच अडकतो आणि तोंडात नुसती हवा येते. सकाळी नळी धुताना जाळी तिनंच काढली होती. ती आता तंबूच्या दोरीवर मस्त वाळत होती. तिसरा विचार आला आणि ती जागच्या जागी थिजली. हा नर होता.

भिंगातून तिनं नीट बघितला होता. तिळाएवढा, काळा, आणि तोंडापुढे दोन फुगीर मुठी, बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातल्यासारख्या. माद्यांना त्या नसतात. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या पिकेटबाई एकोणीस वर्षं दर जुलैत कोलोरॅडोतल्या या कुरणावर येत होत्या आणि त्यांच्या कुप्यांत माद्याच जमत होत्या. नराच्या त्या मुठी तपासल्याशिवाय ही जात नवी की जुनी, हे काही ठरत नव्हतं. बर्फ वितळला की नर जेमतेम आठवडाभर फिरतात, मग संपतात. उद्या सकाळी तंबू उतरवायचे होते. बाई बहात्तर वर्षांच्या. पुढच्या वर्षी हा गुडघा मला इतक्या उंच येऊ देणार नाही, असं त्या रोज सांगायच्या, गुडघ्याला चार शिव्या घालून.

पण थुंकायचं कशात? कुप्या, पिशवी, पाण्याची बाटली, सगळं खाली ओढ्याकाठी बाईंच्या दुसऱ्या मदतनीस मुलीजवळ, टेसाजवळ होतं. इथे वर वारा असा की फुलं आडवी झाली होती. तळहातावर काढला असता तर एक धागा सोडून तो समोरच्या डोंगरावर पोचला असता.

इनेस उतरायला लागली. लाळ गिळायची नाही. दात आवळायचे नाहीत. कोळी गालात शिरला, मग हिरडीवरून मागे दाढेकडे निघाला. त्याचे आठही पाय तिला वेगवेगळे कळत होते. बर्फाच्या पट्ट्यावर ती घसरली, धपकन बसली, आणि तोंड तसंच मिटून उठली. खोकला आला तो नाकातून सोडला. डोळ्यांत पाणी आलं.

ओढ्याकाठी टेसा सँडविच खात होती.

"आलीस? ऐक ना, तुझ्या सॉक्समध्ये परत गोगलगाय होती. मी तिचं नाव ठेवलंय. विचार काय."

इनेसनं कुपीसाठी हात पुढे केला. टेसानं त्यावर अर्धं सँडविच ठेवलं.

"घे. काय गं, गाल का सुजलाय? दाढ?"

इनेसनं जोरजोरात मान हलवली. बोटांनी कुपीचा आकार करून दाखवला.

"लिपस्टिक? इथे? कुणासाठी, त्या मार्मोट खारीसाठी?"

इनेसला हसू फुटायला लागलं. हसली असती तर सगळंच गेलं असतं. तिनं नाक घट्ट धरलं आणि टेसाकडे पाठ केली.

"रुसलीस होय. बरं बाई, रुस. पण सकाळपासून एक मिनिट गप्प न बसलेली मुलगी आता गप्प आहे. मला भीती वाटते हं."

पश्चिमेला ढग काळे झाले होते. सगळ्यांना खाली न्यायला पिकेटबाई काठी टेकत येत होत्या. इनेसच्या दहा पावलांवर त्या थांबल्या. त्यांनी तिचा फुगलेला गाल बघितला. तिच्या गळ्यातली नळी बघितली. रबर आणि काच जुळतात तिथे जाळी नव्हती.

काठी गवतात पडली. बाई गुडघा विसरून जवळजवळ धावल्याच. खिशातून कोरडी कुपी काढून त्यांनी ती इनेसच्या ओठांना लावली.

"थुंक. हळू. जीभ वर उचलू नकोस, खालूनच पुढे ढकल. श्वास आत ओढायचा नाही, काही झालं तरी नाही."

इनेसनं ढकललं. लाळेचा एक फुगा कुपीत उतरला. त्याच्या मधोमध एक काळा ठिपका होता. ठिपक्यानं एक पाय हलवला, मग दुसरा, आणि फुगा ओलांडून तो काचेवर चढला. बाईंनी बूच बसवलं. भिंग डोळ्याला लावलं. कुपी हळूच फिरवली. मग भिजक्या गवतात मटकन खालीच बसल्या, कुपी दोन्ही हातांत धरून.

"नर आहे," त्या म्हणाल्या. "धडधाकट आहे."

इनेसनं लांब श्वास घेतला, तोंड उघडून, पोटभर. आणि मग ती जी बोलत सुटली, वारा काय, बर्फ काय, दाढ काय, तिला थांबवता थांबवता टेसाच्या नाकी नऊ आले.

"थांब गं जरा," टेसा म्हणाली. "बाई, पण हिनं तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

बाई कुपीकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि कान लाल झाले होते.

"एकोणीस वर्षांपूर्वी याच उतारावर मला पण एक नर सापडला होता," त्या म्हणाल्या. "मी गिळला."