मार खाणारं जहाज

कोलंबस शहरातल्या एका खेळांच्या दुकानात अंतराळयुद्धाच्या पत्त्यांची स्पर्धा रंगली होती. उपांत्य फेरीआधी व्हर्लिनने आपल्या मित्राच्या, डॉयलच्या गठ्ठ्यातला एका अंतराळजहाजाचा पत्ता उचलला आणि नाक मुरडलं.

"हे काय भंगार ठेवलंयस, लेका? ना तोफा, ना वेग. गुण एकच, दुसऱ्या जहाजावरचा मार स्वतःच्या अंगावर घेतं. असल्याला आधी मरू द्यायचं."

"आणि मग?"

"मग काय? त्याची आठवण कोण ठेवतंय!"

तेवढ्यात पुढची जोडी पुकारली गेली, व्हर्लिन आणि डॉयल.

"चल, नेहमीसारखी माघार घे. फायनलआधी मला उगाच दमायचं नाहीये," म्हणत व्हर्लिनने हात पुढे केला.

इतकी वर्षं तो हात मुकाट्याने हातात घेऊन सामना सोडून देणारा डॉयल खुर्ची ओढून समोर बसला.

"पत्ते पीस," तो म्हणाला.