दहा वर्षांचं आडनाव

“पाच हजार पिशव्या छापून मोकळा झालास, पण वेबसाइटचं नाव शिल्लक आहे का, ते बघायला काय झालं होतं?” थोरला धाकट्याच्या कानाशी धुसफुसला. आत चहा गाळणाऱ्या ताईला शब्द न् शब्द ऐकू आला.

माहेरच्या आडनावाचं डोमेन ताईनं दोन महिन्यांपूर्वीच घेतलं होतं, आपल्या घरगुती ईमेलपुरतं. दहा वर्षांचं एकदम घेतलं तर स्वस्त पडत होतं. शिवाय बाबांचं म्हणावं असं दुसरं काहीच तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

आणि आता भावांच्या चपलांच्या नव्या दुकानाच्या प्रत्येक पिशवीवर तोच पत्ता झळकत होता. म्हणूनच सहा वर्षं इकडे न फिरकलेले दोघं आज आईला पुढे घालून आले होते.

“ताई, कागद करूनच आणलाय,” धाकटा लाडात आला. “ते नाव आम्हाला दिलं, एवढंच लिहिलंय. तू फक्त सही कर.”

ताईनं कपबशा ठेवल्या आणि कागद सावकाश, दोनदा वाचला.

“माझी सही माझ्याकडे कशाला मागता रे? घर तुमच्या नावावर करताना हक्क सोडल्याच्या कागदावर माझी सही ज्यानं ठोकली, त्यालाच सांगा की. हात बसलाय त्याचा.”

धाकट्यानं पेनाला टोपण लावलं.



“त्यांना नको बोलूस,” आई म्हणाली. “ती सही मी केली होती.”