निळीची मतं

"ह्या तालुक्यात आजवर जे घडलं न्हाय, ते शुक्रवारी बारामतीत घडणार हाय!" जोतीरामतात्यांनी ओसरीवरून जाहीर केलं.

"पाय वर घ्या," कुशाबाई म्हणाल्या. "झाडायचंय."

तात्यांनी पाय वर घेतले. सोसायटीपासून कारखान्यापर्यंत चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पॅनेलं निवडून आणली होती. स्वतः कधी उभे राहिले नाहीत, म्हणून कधी पडलेही नाहीत. त्यांच्या वरकुटे गावात कोण कुणाला मत देणार, हे मत देणाऱ्याच्या आधी तात्यांना कळत असे.

या वेळी काम नातीचं होतं. अकरावीतली उत्कर्षा मोबाईलवर एक जपानी कार्टून मालिका बघायची. पाच शाळकरी पोरी गाण्या-नाचण्याचा संच काढतात, गाजतात, आणि शेवटच्या भागात मधोमध कोण उभं राहणार यावर अडून बसतात. मालिका तिथंच संपली. तीन वर्षांनी आता पुढची गोष्ट सिनेमा होऊन आली होती. बारामतीचं थिएटर एकच खेळ लावणार होतं, शुक्रवारी सकाळी अकराचा. तोही साडेदहापर्यंत चाळीस तिकिटं गेली तर. नाहीतर सिनेमा थेट पुण्यात, आणि पुण्याला एकटीनं जायचं नाव काढलं की तिचा बाप पुढचं ताट सरकवायचा.

"मधोमध उभं ऱ्हायचं म्हंजे चेअरमनपद," तात्यांनी ओळखलं. "उमेदवार किती?"

"पाच. पण खरी लढत दोघींत. तात्या, त्यांची नावं..."

"नावं नको. ध्यानात ऱ्हात न्हाईत. चिन्हं सांग."

"एक गुलाबी केसांची, एक निळ्या केसांची."

"तू कुणाची?"

"गुलाबीची."

"आन् निळीची मतं?"

उत्कर्षानं आजीच्या केरसुणीकडं बघितलं. "हायत. पण बोलत न्हाईत."

"मग धरायची न्हाईत. जे मत बोलत न्हाय, ते नसतंय."

गोठ्यातून कालवड हंबरली. "आले गं उमे, आले!" म्हणत कुशाबाई केरसुणी टाकून निघाल्या. पार्वतीचं नाव जनावराला कशाला, असं तात्यांना संक्रांतीपासून वाटत होतं. पण घरातल्या विरोधी पक्षाला त्यांनी कधी छेडलं नव्हतं.

प्रचार जोरात झाला. ज्याला जे आवडतं ते पिच्चरमध्ये आहे, असं तात्यांनी सांगून टाकलं. बिरदेवला कुस्ती सांगितली, अविराजला ट्रॅक्टरची शर्यत. गुरुवारपर्यंत पंचेचाळीस नावं झाली. पाच त्यांनी अनुभवानं बुडीत धरली.

"तू पण चल की," ते कुशाबाईंना म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं? आन् शुक्रवारी माझी खुरपणीची टोळी हाय."

टोळी गुरुवारीही रानात होती. बायका खुरपता खुरपता एका सुरात गात होत्या. तात्यांनी कान दिला, पण शब्द काही कळेनात. जुनी ओवी असावी. रात्री पिकाला पाणी धरायला डोक्याला बांधायची बॅटरी तेवढी सकाळपासून सापडत नव्हती.

"असंल कुठंतरी," कुशाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी तात्यांनी नातीच्या उमेदवाराला साजेसा गुलाबी फेटा बांधला. चांगला टोपलीएवढा. साडेनऊलाच दोघं थिएटरवर हजर झाली. दहा वाजले, सव्वादहा वाजले. दोघांना धरून नऊ माणसं जमली.

तात्यांनी बिरदेवला फोन लावला. पलीकडं पंगतीचा गलका होता.

"तात्या, कळसला दिग्विजयच्या पोराचं जावळ हाय," बिरदेव तोंडातलं सावरत म्हणाला. "अख्खी गाडी हिकडंच वळली. पिच्चर काय, परत लागंल. बोकड परत लागतोय व्हय?"

तात्यांनी फोन खिशात टाकला. तात्या थिएटरमागच्या पायरीवर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा पडले होते, आणि तेही नातीच्या मतदारसंघात. 'पोरी, मी तुला पुण्याला नेतो,' हे वाक्य त्यांनी तीनदा मनात म्हणून बघितलं. गुडघ्यानं तीनदा नकार दिला. चौथ्यांदा त्यांनी गुडघ्याला विचारलं नाही आणि उठले.

तेवढ्यात उत्कर्षा पळत आली. "तात्या, चला! सुरू झालं!"

"नऊ मतांत?"

"साडेदहाच्या आत निमगावच्या गाडीनं निळीची मतं आली. चौतीस!"

"कुणी आणली?"

"आधी बसा तर खरं."

आत मिट्ट काळोख होता. तिनं हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. कुणाचा का होईना गुलाल पडला, असं म्हणत तात्या फेटा सावरून टेकले. पडद्यावर गुलाबी केसांची पोरगी आली. शेजारी उत्कर्षानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पोरीचं शिक्षण वाया गेलं नाही, हे त्यांना पटलं.

मग गाणं सुरू झालं. तात्यांनी कान टवकारले. ही तर रानातली ओवी!

गुलाबीनं हसून एक पाऊल मागं घेतलं. निळ्या केसांची पोरगी चालत आली आणि मधोमध उभी राहिली. त्यासरशी तात्यांच्या मागं चौतीस निळे दिवे पेटले आणि चौतीस गळ्यांतून एकच आरोळी उठली, "उमेऽऽऽ!"

कालवड सुटली की काय, म्हणून तात्या गर्रकन मागं वळले. मागच्याच खुर्चीत, खुरपणीच्या टोळीच्या मधोमध, त्यांचीच हरवलेली बॅटरी निळा कागद लावून कपाळाला बांधलेल्या, डोळे पुसत कुशाबाई बसल्या होत्या.

"अवं, मागं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "फेटा काढा तेवढा. दिसत न्हाय."