ठोके चढेनात तेव्हा

चालून चालून बूट झिजले, तरी दिघेकाकांच्या मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके काही चढेनात. मुलाने हौसेने पाठवलेलं घड्याळ, आणि त्याचं मोबाइलमधलं अ‍ॅप रोज संध्याकाळी कुरकुरायचं, "आज व्यायाम अपुरा."

मग सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून मांजरेकरांशी त्यांची जुंपली. टेबलावर हात आपटून काका खाली बसतात तोच घड्याळ थरथरलं, "शाब्बास! लक्ष्य पूर्ण. हाच व्यायाम रोज करा."

काका पडले आज्ञाधारक. सकाळी उठून त्यांनी थेट मांजरेकरांची बेल दाबली. "तुमची गाडी माझ्या जागेत का?"

"एक मिनिट," म्हणत मांजरेकरांनी बाही वर सारली. त्यांच्याही मनगटावर तसलंच घड्याळ! बटण दाबून ते म्हणाले, "हं, आता बोला."

तेव्हापासून दोघं रोज गेटपाशी भांडू लागले. वॉर्म-अपला कचरा, मग गळती, शेवटी पार्किंग. वॉचमन त्यांच्यासाठी पाण्याची बाटली भरून ठेवायचा.

मध्येच मांजरेकर काही दिवस फिरकलेच नाहीत. आले ते काठी टेकत. काकांच्या तोंडून निघून गेलं, "गुडघा फार दुखतोय का हो?"

मांजरेकरांनी घड्याळात पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"दिघे, असली चौकशी करू नका! ठोके उतरतात माझे!" काठी आपटत ते कडाडले. "गाडी तुमच्याच जागेत लावणार!"

"लावून तर दाखवा!" काका त्याहून मोठ्याने ओरडले, आणि वॉचमनची खुर्ची त्यांनी हळूच मांजरेकरांच्या मागे सरकवली.