हळदीचे हात

आणीबाणीच्या उन्हाळ्यात ठेकेदाराची माणसं भिंत दुरुस्त करून गेली आणि तांडापेठेतल्या प्रयागबाईच्या घराची पार रया गेली. हातमागावर चुन्याचे शिंतोडे, उंबरठ्याचा टवका उडालेला, आणि सांगितलेली भिंत तर सोडाच, देवाशेजारच्या भिंतीलाही चुना फासून ठेवलेला. त्याच भिंतीवर तिच्या लेकीनं, प्रेमिलानं, लग्नाच्या हळदीत हात बुडवून दोन्ही तळव्यांचे ठसे उठवले होते. लेक वारल्यापासून प्रयागबाई त्या भिंतीला झाडूसुद्धा लागू देत नव्हती.

तिनं ठेकेदार चंपतरावाला बोलावणं धाडलं. आज त्याची खरडपट्टी काढायचीच, असं ठरवून बसली. पण तो येईपर्यंत ओल्या चुन्यातून दोन तळवे वर आले होते. लालभडक. प्रयागबाई सरकत सरकत चुलीपाशी जाऊन बसली.

"भिऊन काहून राहिल्या, बाई?" चंपतराव म्हणाला. "हळदीले चुना लागला का त्याचं कुंकू होते. थांबा, ओल्या फडक्यानं पुसून टाकतो अन् वरून अजून एकदा चुना मारून देतो. दिसणार बी नाही."

त्यानं फडकं बादलीत भिजवलं, पिळलं. तळव्यापर्यंत हात नेला, तोच प्रयागबाईनं मागून येऊन ते ओढून घेतलं.



"राहू दे गा. एकदा पुसलं मी तिचं कुंकू. जावई गेले त्या दिवशी, याच हातानं."