माईक बंद असताना

"मला नगराध्यक्ष करा, गावातला एकेक माग पुन्हा चालू करतो!" केबलवरच्या जाहीर चर्चेत टोपीवाला उमेदवार गरजला.

"माग बंद पाडले कुणी? यांनीच!" जाकीटवाल्यानं टेबलावर मूठ आपटली.

नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसलेला इराण्णा बायकोकडे कलला. "एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. दिवाळीपास्नं माग गप्प हायेत, आन् ही सोंगं इथं तमाशा करत्यात."

जाहिरातीसाठी चर्चा थांबली, केबलवाल्यानं माईक बंद केले. लगेच दोघं उमेदवार हसत जवळ सरकले आणि कुजबुजू लागले.

पण सगळा जन्म मागांच्या खडखडाटात काढलेल्या गावाला आवाज लागतोच कुठं? तिथं माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात. इराण्णानंही वाचले.

"भंगारात पूर्वेकडचे माग तू उचल," टोपीवाला म्हणत होता, "पश्चिमेकडचे माझे. निवडून कुणीही येवो."

इराण्णा उठला, व्यासपीठाकडे पाठ करून उभा राहिला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवत त्यानं ते सगळ्यांना सांगितलं.

मग सगळं नाट्यगृह उभं राहिलं आणि पायातल्या चपलांकडे वाकलं.

"अहो, वाकता काय!" टोपीवाल्यानं विरघळून हात जोडले. "एवढा मान कशाला?"